चॉपरचा लांब फोर्क

चॉपर धाटणीच्या मोटरसायकलचे पुढचे चाक मूळ जागेपासून बरेच पुढे नेणारा, लांबवलेला फोर्क (चाक दोन्ही बाजूंनी धरणारी दांड्यांची जोडी). दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील हौशी लोक हार्ले-डेव्हिडसन गाड्यांचे मडगार्ड वगैरे कापून त्या हलक्या करत. साठच्या दशकात याच गाड्यांचे फोर्क लांबत गेले आणि 1969 च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटामुळे हे रूप जगभर पोचले. त्यातल्या गाड्या घडवणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर मात्र श्रेयनामावलीत नव्हते.

फोर्क किती लांब केला, यावरून गाडी सुरक्षित की धोक्याची हे ठरत नाही; ते ट्रेलवरून ठरते. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला, तर तो जिथे टेकतो तिथपासून मागे टायर टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. ट्रॉलीचे चाक जसे आपोआप मागे वळून सरळ राहते, तसे ट्रेलमुळे पुढचे चाक सरळ राहू पाहते. हा अक्ष उभ्या रेषेपासून जितका कलतो, तो रेक. 300 मि.मी. त्रिज्येचे चाक, 27 अंश रेक आणि 50 मि.मी. ऑफसेट (हँडलच्या अक्षापासून चाकाच्या अ‍ॅक्सलचे काटकोनातले अंतर) असेल तर ट्रेल सुमारे 97 मि.मी. येतो. चासी कापून रेक 40 अंश केला आणि बाकी काही बदलले नाही, तर तोच 186 मि.मी. होतो. अशी गाडी महामार्गावर रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते, पण सिग्नलला वळवताना हँडल एका बाजूला कोसळू पाहते.

यावर उपाय म्हणून फोर्क चासीशी जोडून धरणारी ‘टी’च काही अंश कललेली बनवतात; त्यामुळे चाक अक्षाच्या आणखी पुढे जाते आणि ट्रेल घटतो. अक्ष 37 अंशांवर, टी आणखी 3 अंश कललेली आणि फोर्क 900 मि.मी. असेल, तर ट्रेल 105 च्या आसपास येतो, म्हणजे आटोक्यात. पण दिसायला छान म्हणून 7 अंशांची टी मूळच्या 27 अंशांच्या चासीवर मूळ लांबीच्याच फोर्कसह चढवली, तर ट्रेल जवळजवळ शून्यावर येतो. ही चूक सगळ्यांत घातक, कारण वेग वाढला की हँडल थरथरू लागते आणि ते आवरणे कठीण जाते. साधारण 75 ते 150 मि.मी. ट्रेल चालवण्याजोगा मानतात.

फोर्कमध्ये नुसत्या लांब नळ्या घातल्या, तरी रेक जागच्या जागी राहत नाही. नळी 150 मि.मी. वाढली की गाडीचे नाक उचलले जाते आणि 1400 मि.मी. व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराच्या) गाडीचा रेक सुमारे 5 अंशांनी वाढतो. इंजिन मागे कलते, तेलपट्टीवरची पातळी खोटी दिसते, साइड स्टँड आखूड पडतो. म्हणून चालक बसलेला असताना, अ‍ॅक्सलपासून ओळंबा सोडून आणि हँडलच्या अक्षाच्या रेषेत दोरी ताणून, ट्रेल जमिनीवर प्रत्यक्ष मोजतात.

नळी अखंड असावी. मूळ नळीच्या डोक्यावर आटे पाडून जोडतुकडा बसवणे स्वस्त पडते, पण वाकवणारा सगळा जोर नेमका टीजवळ येतो आणि नळी तुटलीच तर बहुधा तिथेच. लांब नळी जाड हवी. लांबी दुप्पट झाली की त्याच जोरात ती आठपट वाकते. टेलिस्कोपिक फोर्कमध्ये नळीत नळी सरकते; तो फार कलला की नळ्या आतल्या बुशमध्ये (आधाराच्या कड्यांत) अडकतात, त्यामुळे लहान खड्डे थेट हातांना जाणवतात. बाहेर उघड्या स्प्रिंगा असलेल्या स्प्रिंगर फोर्कला हा त्रास कमी, म्हणून जुन्या लांब चॉपरवर तो पुष्कळदा दिसतो. ब्रेकची नळी आणि केबल नव्या लांबीच्या घ्याव्या लागतात. कोनसेटही (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) नवा टाकलेला बरा.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतील असे बदल रोखते आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीत व्हीलबेसही लिहिलेला असतो, त्यामुळे टेप लावली की लांब फोर्क लपत नाही.