हायपर थायरॉइड: आयोडिनचा डोस घ्यायचा की ऑपरेशन करायचं?

घरात कुणाला हायपर (म्हणजे थायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन बनवते) निघालं आणि गोळ्यांनी आटोक्यात येईना की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते कापाकापी नको, आयोडिनची गोळी घे आणि मोकळी हो. दुसरी म्हणते अगं बाई रेडिएशन कशाला, त्यापेक्षा एकदाचं ऑपरेशन करून टाक. धनकवडीतल्या माझ्या मामेबहिणीच्या वेळी हेच चाललं होतं आणि मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं, की ह्यात भांडायचा मुद्दाच चुकतोय. कारण शेवट बहुतेकांचा एकच होतो, ग्रंथी काम करायची थांबते आणि रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनची) गोळी, जन्मभर. खरा फरक पडतो तो मधल्या काही महिन्यांत.

आयोडिनचं तत्त्व सोपं आहे. थायरॉइडला आयोडिन लागतंच, त्यामुळे आयोडिन-१३१ (किरणोत्सर्गी आयोडिन, म्हणजेच रेडिओआयोडिन) पोटात गेलं की ते बहुतेक तिथेच जाऊन बसतं, त्याचे बीटा किरण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच जातात आणि आतल्या पेशी हळूहळू मरतात. १९४१ पासून हे वापरात आहे. केमोसारखे केस वगैरे गळत नाहीत. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, झालं. पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने, कधी सहा महिनेसुद्धा लागतात आणि काहींना दुसरा डोस द्यावा लागतो.

ऑपरेशनमध्ये ग्रंथी त्याच दिवशी बाहेर. पण सर्जन लगेच हात लावत नाही, आधी कार्बिमॅझोल देऊन हार्मोन नॉर्मलला आणतात, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल असतं, आणि ग्रेव्हजच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला चेतवते तो आजार) पेशंटला शेवटचे आठ-दहा दिवस लुगॉल्स आयोडिनचे थेंब देतात, त्याने ग्रंथीतला रक्तपुरवठा कमी होतो. इथे लोकांचा हमखास घोळ होतो बरं का! ऑपरेशनआधी आयोडिन मुद्दाम देतात आणि रेडिओआयोडिनच्या आधी ते टाळायला सांगतात, कारण ग्रंथी साध्या आयोडिनने भरलेली असली तर डोस आत शिरतच नाही. म्हणून नुकताच कॉन्ट्रास्ट (आयोडिन असलेलं औषध) देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, डोस पुढे ढकलावा लागतो.

ऑपरेशनची भीती दोन जागी आहे. आवाजाची नस थायरॉइडला अगदी चिकटून जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसतो. आणि मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्या दुखावल्या की कॅल्शियम उतरतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. असं झालं तर "अशक्तपणा असेल" म्हणून बसून राहायचं नाही, लगेच कळवायचं. बऱ्याचदा हे तात्पुरतं असतं, पण थोड्या लोकांचं कायमचं राहतं, म्हणून सर्जन असा बघा जो थायरॉइडची ऑपरेशनं नेहमी करतो.

मग निवडायचं कसं? गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आयोडिन नाहीच. डोसनंतर बाईने साधारण सहा महिने गर्भधारणा टाळायची असते, तेवढं थांबायचं नसेल तर ऑपरेशनचा विचार करावा. गलगंड मोठा असून गिळताना-झोपताना दाबत असेल किंवा गाठीबद्दल कॅन्सरची शंका असेल तरी ऑपरेशनच. डोळे बटबटीत बाहेर आले असतील तर आयोडिनने ते वाढू शकतात, आणि सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त. उलट वय झालंय, हृदय अशक्त आहे, भूल झेपणार नाही, अशा माणसाला आयोडिन फार सोयीचं.

आणि घर. ह्याबद्दल ओपीडीत दोन मिनिटंही बोललं जात नाही. डोसनंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहायचं, वेगळं झोपायचं, फ्लश दोनदा करायचा, टॉवेल-भांडी वेगळी. वन बीएचकेत सासू-सासरे आणि मांडीवरून न उतरणारं दोन वर्षांचं पोर असेल तर हे कसं जमवणार? बहिणीने पोराला तेवढे दिवस आजोळी चिंचवडला ठेवलं, म्हणून जमलं. किती दिवस ते डोसवर ठरतं, न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांकडून लिहूनच घ्या.

अजून एक, डोसनंतर टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) कित्येक आठवडे खालीच दिसू शकतो, प्रत्यक्षात थायरॉइडचं हार्मोन कमी झालेलं असलं तरी. त्यामुळे चार-सहा आठवड्यांनी तपासणी कराल तेव्हा चिठ्ठीवर फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइड हार्मोन) पण लिहिलंय ना ते बघा.