अमोनियावरची दोन इंजेक्शनं, दोन वेगळे आजार

रक्तात अमोनिया वाढला की आपल्याकडे सगळ्यात आधी एल-ऑर्निथिन एल-अस्पार्टेट, म्हणजे ‘लोला’, आठवतं. लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णाला गुंगी आली असेल तर ते बरोबरही आहे. त्याचं यकृत थकलेलं असतं, पण उरलेल्या पेशींत युरिया सायकल, म्हणजे अमोनियाचं युरिया करणारी साखळी, चालू असते. लोला तिला कच्चा माल पुरवतं आणि स्नायूंमध्ये अमोनियाचं ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) करून तो तात्पुरता अडकवतं.

युरिया सायकलचा जन्मजात दोष असलेल्या बाळात हे गणित फसतं. तिथे मूळ दुखणं थकलेल्या यकृताचं नाही. सायकलमधलं एखादं एन्झाइमच नसतं किंवा फार तोकडं पडतं. ओटीसी (ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज) हे एन्झाइम नसेल तर ऑर्निथिन कितीही ओता, त्याचं सिट्रुलिन, म्हणजे सायकलमधला पुढचा पदार्थ, होणार कसं? ग्लुटामिन तर आधीच साचलेलं असतं आणि मेंदूला सूज येण्यात त्याचाच मोठा वाटा असतो.

या बाळांसाठी सोडियम फेनिलअ‍ॅसिटेट आणि सोडियम बेंझोएट यांचं एकत्र इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये ‘अमोन्युल’ नावाने मान्यता मिळाली. ते बिघडलेल्या सायकलच्या वाटेला जातच नाही, ज्यापासून अमोनिया होतो तो नायट्रोजन थेट लघवीतून बाहेर काढतं. बेंझोएट ग्लायसिन या अमिनो आम्लाशी जोडलं जातं आणि एका रेणूमागे एक नायट्रोजन जातो. फेनिलअ‍ॅसिटेट साचलेलं ग्लुटामिनच उचलतं, त्यामुळे दोन जातात. मला या औषधाची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते.

ते १० टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून सेंट्रल लाइनमधूनच (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) द्यायचं, हातापायाच्या साध्या शिरेतून दिलं तर त्वचा भाजू शकते. पहिला डोस ९० ते १२० मिनिटांत, पुढचा २४ तासांत. पोटॅशियमवर लक्ष हवं. जोडीला आर्जिनिन (सायकलमधल्याच आर्जिनेज या एन्झाइमची कमतरता असेल तर नाही), प्रथिनं काही काळ बंद आणि उष्मांक भरपूर. अमोनिया फारच चढला असेल तर डायलिसिस सुरू करायला उशीर करू नये. आपल्याकडे हे इंजेक्शन सहज मिळत नाही, म्हणून डायलिसिसची तयारी आणखीच लवकर लागते.

पहिला दिवस छान दूध प्यायलेलं बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मलूल झालं की जंतुसंसर्ग धरून अँटिबायोटिक सुरू होतं. ते द्यावंच, पण त्याच वेळी अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला पाठवावा. तो वाढलेला निघाला तर नेमका दोष कुठला हे कळायला रक्तातली अमिनो आम्लं आणि लघवीतलं ओरोटिक आम्ल तपासायला द्यावं. उपचार मात्र त्या रिपोर्टसाठी अडवू नयेत.