वाड्याच्या कामाला छोटे अनुदान: अर्ज नेमका कुठे अडकतो

गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या एका वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या एका वस्तीवरच्या, मंडळाची फाईल माझ्याकडे आली. झरीकडे उतरणाऱ्या पायऱ्या नीट करायच्या, वाटेवर दोन दिवे, वर बसायला दगडी बाक. काम दीड लाखाचे, गरज खरी, फोटोही चांगले काढलेले. अर्ज परत आला होता आणि पोरांचे म्हणणे एकच, आमचा वशिला कमी पडला. फाईल चाळली. नोंदणी १९९१ ची. संस्थांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे दिलेल्या शेवटच्या यादीतले अध्यक्ष वारले त्याला नऊ वर्षे झालेली, चिटणीस पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, आणि बँकेत सह्या अजून त्या दोघांच्याच. दर शिमग्याला ढोल-ताशे घेऊन उभे राहणारे मंडळ कागदावर कधीच संपले होते.

कंपन्यांचे न्यास, जुन्या घराण्यांचे धर्मादाय न्यास, क्लब असे बरेच जण गोव्यात गावपातळीच्या कामाला मदत करतात. प्रत्येकाचा फॉर्म निराळा, अर्ज परत येण्याची कारणे मात्र ठरलेली. फॉर्म भरणे, ठराव जोडणे, फोटो लावणे हे कोणालाही जमते, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

पैसा कुठला, हे आधी विचारा

कोणती कागदपत्रे लागणार ते देणाऱ्याच्या पैशावर ठरते. कंपनी सीएसआरचा (सामाजिक कामासाठी कायद्याने खर्चायचा) पैसा दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करणार असेल, तर त्या संस्थेकडे १२ए (संस्थेला प्राप्तिकरातून सूट मिळवून देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता) दोन्ही हवेत, किमान तीन वर्षांचे काम हवे, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडून मिळालेला क्रमांकही हवा. भजनी मंडळाकडे यातले काही नसते. दीड लाखासाठी ते सगळे उभे करण्यात अर्थही नाही. कंपनी स्वतःच काम करून देऊ शकते. ठेकेदार तिचा, बिल तिच्या नावे, मंडळाने जागा आणि देखरेख सांभाळायची. नियमांत याला जागा आहे. कंपनीत सीएसआर बघणाऱ्याला सरळ विचारा, कारण आपणहून तो क्वचितच सांगतो.

न्यासाचा स्वतःचा पैसा असेल तर पुष्कळदा नोंदणी, पॅन, बँक खाते आणि हिशेब एवढ्यावर भागते. केंद्र सरकारच्या योजनेला एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक मागतात. महिलांच्या स्वयंसहाय्य गटाचे बँकेत खाते असते, पण तेवढ्याने तो नोंदणीकृत संस्था होत नाही. गटाने गावातल्या एखाद्या नोंदणीकृत मंडळामार्फत अर्ज करावा, आणि पैसे कोणी कसे खर्चायचे ते आधीच लिहून घ्यावे. मागाहून होणारी भांडणे मी पाहिली आहेत.

आपल्याकडे आणखी एक पैसा असतो, बाहेरगावच्या माणसांचा. अर्जात ‘संस्थेचा स्वतःचा वाटा’ असा रकाना असतो. तिथे मंडळे भाबडेपणाने लिहितात, ‘लंडनच्या गावकऱ्यांकडून पन्नास हजार’. त्या गावकऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले असतील, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर धरतात. ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे) दाखवून यातून सुटका नाही, रक्कम छोटी असली म्हणूनही नाही. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाने ते पैसे घ्यायचेच नसतात. नोंदणी असली तरी ते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भाचा आपला, बावडी आपली, पण कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी. देणगी घेण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारायला संकोच वाटतो हे कळते. तरी विचारा.

कोणाकडेच नसलेला कागद

तो म्हणजे निबंधकाच्या शिक्क्याची चालू कार्यकारिणीची यादी. नोंदणीपत्र हाती पडले की काम संपले असे सगळ्यांना वाटते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचे कलम ४ सांगते की दरवर्षी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत पदाधिकाऱ्यांची नावे, पत्ते आणि व्यवसाय निबंधकाकडे द्यायचे. मंडळाच्या घटनेत वार्षिक सभेची तरतूदच नसेल तर जानेवारीत. हे नेमाने करणारी मंडळे मी बोटावर मोजली आहेत.

मागची वर्षे राहिली असतील तर सोपा उपाय नाही. एका कार्यालयात आम्हाला सगळ्या वर्षांच्या याद्या आणायला सांगितले. आणल्या. मग म्हणे, जुन्या अध्यक्षांची सही नसल्याने बदल नोंदवता येत नाही. अध्यक्ष तर गेलेले. ‘मृत्यूचा दाखला जोडा’ एवढे सांगायला तिसरी खेप कशाला लागावी, ते मला अजून कळलेले नाही. तुम्ही पहिल्याच खेपेला दाखला, राजीनामे, रीतसर नोटीस काढून घेतलेल्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि हजेरीच्या सह्या घेऊन जा. आवक क्रमांक टाकलेली पोचप्रत मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. अंतिम नोंद व्हायला वेळ लागला तर काही देणारे ती पोच चालवून घेतात, फक्त अर्जासोबतच्या पत्रात तसे आपणहून लिहायचे.

आणि कृपा करून मागच्या सालांची इतिवृत्ते एका रात्रीत लिहू नका. आठ वर्षांच्या आठ सभा, एकच निळे पेन, एकच हस्ताक्षर, पानांना साधी घडीही नाही. छाननी करणारा ती वही उघडतो आणि काही न बोलता मिटतो.

१२ए लागणार असेल तर प्रमाणपत्र नीट वाचा. भिंतीवर लॅमिनेट करून लावलेले १९९५ चे प्रमाणपत्र आता उपयोगाचे नाही, कारण २०२१ पासून सगळ्यांना नव्याने नोंदणी घ्यावी लागली. त्या नव्या नोंदणीवर लिहिलेले असते, ‘आकारणी वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७’. लोक वाचतात, मार्च २०२७ पर्यंत चालेल. आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६, तेव्हा मुदत ३१ मार्च २०२६. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या सहा महिने आधी करायचा, म्हणजे त्याची शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२५ होती. एका वर्षाच्या या घोळात चांगल्या चालत्या संस्था अडकून बसल्या आहेत. तात्पुरती नोंदणी तर तीनच वर्षांची असते. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमांचे आकडेही बदलले आहेत. सीएकडून आताचे शब्द विचारून घ्या.

पॅन कार्डाचे चौथे अक्षर बघा. तिथे इंग्रजी ‘पी’ असेल तर ते कार्ड माणसाचे, मंडळाचे नव्हे. खजिनदाराच्या पॅनवर उघडलेले खाते कोणीही देणारा स्वीकारत नाही, खजिनदार कितीही सज्जन असो. नावातला ‘श्री’ नोंदणीपत्रावर, पॅनवर आणि पासबुकात इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो, तोही अर्जाआधी एकसारखा करून घ्या.

जागा कोणाची

पायऱ्या, बाक, तळीचा काठ, मुलांना खेळायची जागा, काहीही असो, एक-चौदाचा (जमिनीची मालकी दाखवणारा) उतारा काढा. पंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे मालकाची संमती नव्हे, इथे निम्मे अर्ज घसरतात. उताऱ्यावर हयात नसलेल्या आजोबांचे नाव असते आणि वारस म्हापशापासून लिस्बनपर्यंत पसरलेले. कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची जमीन असेल तर अध्यक्षांनी घरी बसून दिलेल्या चिठ्ठीवर काम होत नाही, ठराव लागतो, आणि पुढे कागद म्हापसा, पणजी किंवा मडगाव यांपैकी तुमच्या विभागाच्या प्रशासकाकडे जाऊ शकतो. देवस्थानची जागा असेल तर महाजनांच्या समितीचे पत्र. शिवाय देवळाचा मंडप रंगवणे हे धार्मिक काम म्हणून बाजूला पडते. तळीचा काठ सर्वांसाठी खुला असेल तर त्याचा विचार होऊ शकतो, फक्त अर्जात ‘सर्वांसाठी’ हे लिहायचे आणि मग ते खरेही ठेवायचे.

पहिल्या अर्जाला माझा सल्ला असा की ज्या कामाच्या जागेचा वाद नाही तेच काम घ्या, भले ते तुमच्या यादीत तिसरे असेल.

हिशेब आणि तारीख

उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे म्हणून आमचे ऑडिट होत नाही, हे उत्तर प्राप्तिकर खात्याला चालेल, अनुदान देणाऱ्याला नाही. त्याला बहुधा तीन वर्षांचे सीएच्या सहीचे हिशेब हवेत, आणि सहीखाली अठरा अंकी यूडीआयएन (सीएने त्या कागदासाठी काढलेला ओळख क्रमांक). तो नसेल तर ती नुसती सही. आता गंमत बघा. मोठ्या न्यासांच्या ऑडिट अहवालांची मुदत ३० सप्टेंबर, म्हणजे सीए तेव्हा मान वर करत नाही, आणि मंडळाची सगळी माणसे चतुर्थीच्या माटोळीत. अर्जाची मुदत सप्टेंबरअखेर असेल तर हिशेबाची वही जूनमध्येच सीएच्या टेबलावर गेली पाहिजे. ‘३१ मार्चपर्यंत’ असे कुठे दिसले तर ती अर्जाची तारीख आहे की पैसे खर्च करून संपवायची, हे फोन करून विचारा. मी दोन्ही अर्थ पाहिले आहेत.

तीन दरपत्रके मागितली तर तीन दुकानांतून आणा. परवा तिन्ही पत्रकांत सिमेंटच्या गोणीचे स्पेलिंग एकसारखे चुकलेले होते. लेटरहेड तेवढे निराळे.

मंजुरीनंतर दुसरा हप्ता विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे पहिले पैसे ठरल्या कामावर खर्चल्याच्या दाखल्यावर मिळतो, तेव्हा प्रत्येक बिल मंडळाच्या नावे घ्या. आणि अर्जात संपर्कासाठी बोटीवर कामाला असलेल्या चिटणीसाचा नंबर देऊ नका. देणाऱ्यांचा शंका विचारणारा फोन येतो, लागत नाही, सात दिवस थांबून ते फाईल बंद करतात, आणि चिटणीस सहा महिन्यांनी मुरगावला उतरून विचारतो, आपल्या अर्जाचे काय झाले.