घरगुती व्हिडिओ डिस्कवर घेताना दर्जा नेमका कुठे जातो?

डिस्क बर्न करताना चित्र धूसर होत नाही. बर्नर फाइल जशीच्या तशी उतरवतो. लिहिण्यात चूक झालीच तर चित्र अडकतं किंवा त्यात चौकोन उमटतात. धूसरपणा येतो तो त्याआधी, कॉम्प्रेशनच्या, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याच्या वेळी.

१९९३ची व्हिडिओ सीडी ७४ मिनिटं मावावीत म्हणून एमपेग-१ या कॉम्प्रेशन पद्धतीत ३५२ बाय २८८ पिक्सेल आणि साधारण १.१५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) एवढ्यावर भागवत असे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, असतात. व्हिडिओ सीडीत २५च चित्रं उरायची, त्यामुळे हालचालीतला सफाईदारपणा जाई. मूळ व्हीएचएस असेल तर हे फारसं खटकत नसे.

खरी ओढाताण १९९५नंतर सुरू झाली. त्या वर्षी आलेल्या डीव्ही (डिजिटल टेप) कॅमेऱ्यांचं चित्र २५ एमबीपीएसचं, म्हणजे तासाला सुमारे १३ जीबी. डीव्हीडीत जागा ४.७ जीबी (संगणक तीच ४.३८ दाखवतो, कारण तो १०२४च्या पटीत मोजतो). म्हणजे डीव्हीडीच्या एमपेग-२ पद्धतीत पुन्हा दाबणं आलंच.

हिशेब सोपा आहे. ४.७ जीबी म्हणजे ३७.६ गिगाबिट, दोन तासांत वाटले की ५.२ एमबीपीएस. आवाज आणि मेन्यूची जागा वजा करून चित्राला ४.८ धरावेत आणि टू-पास व्हेरिएबल बिटरेट (दोन फेऱ्यांत पाहून गरजेप्रमाणे कमीजास्त बिट देणारा) निवडावा. तासाभराच्या व्हिडिओला नियमानुसार ९.८ पर्यंत जाता येतं, पण ८च्या वर जाऊ नये: जुन्या प्लेअरना बर्न केलेली डिस्क वाचायला आधीच जड जातं आणि बिटरेट उसळला की चित्र अडखळतं. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवला तर दीड एमबीपीएस तोच खातो. एसी-३ या दाबलेल्या आवाजाला २२४ केबीपीएस पुरतात. तीन तास कोंबायचेच असतील तर ३५२ बाय ५७६ हा आकार घ्यावा. तो डीव्हीडीच्या नियमात बसतो, आणि ७२० पिक्सेलच्या चौकोनी डागांपेक्षा किंचित मऊ चित्र कधीही बरं.

फील्डचा क्रम मात्र भल्याभल्यांना चकवतो. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, टेप संगणकात घेणाऱ्या बऱ्याच कॅप्चर कार्डांत वरचं. एन्कोडरला (व्हिडिओ दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला) उलटं सांगितलं की चालणारा माणूस मागेपुढे थरथरतो. संगणकावर कंगव्यासारख्या रेघा दिसतात म्हणून डीइंटरलेस करण्याचा, म्हणजे दोन फील्डचं एकच चित्र करण्याचा मोह होतो. टीव्हीसाठीच्या डीव्हीडीत तो टाळावा, नाहीतर व्हिडिओ सीडीचीच गत होते. व्हीएचएसचा खरखरीत नॉइज एन्कोडरला हालचालच वाटते आणि बिट त्यावर खर्च होतात, म्हणून आधी हलका डीनॉइज द्यावा. तळाशी फडफडणाऱ्या काही ओळी जुन्या टीव्हीच्या कडेआड लपायच्या. त्या काळ्या कराव्यात.

२००६मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने एचडी कॅमेऱ्यांसाठी एव्हीसीएचडी हा फॉरमॅट आणला, त्याच वर्षी २५ जीबीची ब्लू-रे बाजारात आली. तेव्हापासून वेगळीच चूक रूढ झाली: एचडी फाइल 'डीव्हीडी-व्हिडिओ' म्हणून बर्न करायची. त्यात ती निमूटपणे ७२० बाय ५७६ वर उतरते, कितीही चांगली डिस्क घेतली तरी. एचडी टिकवायचं तर ब्लू-रे करावी, किंवा साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी रचना लिहावी. बरेच ब्लू-रे प्लेअर ती वाचतात, साधे डीव्हीडी प्लेअर नाहीत. पुढे एडिट करायचं असेल तर मूळ फाइल डेटा डिस्कवर तशीच ठेवावी.