मॉडेल जेट विमान, रेडिओ-नियंत्रित

मॉडेल जेट विमान, रेडिओ-नियंत्रित : झोत एंजिनावर उडणारे व जमिनीवरून रेडिओ संदेशांनी चालवले जाणारे छोटे विमान. विजेच्या मोटरीने नळीतला पंखा फिरवणाऱ्या विमानांनाही (ईडीएफ) हौशी मंडळी ‘जेट’च म्हणतात, त्यांत ज्वलन नसल्याने येथे ती वगळली आहेत.

पहिले मॉडेल जेट कोणते, हे व्याख्येवर ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत ‘डायनाजेट’ हे स्पंद-झोत (ठोक्याठोक्याने ज्वलन होणारे) एंजिन मिळू लागले. त्यावरची विमाने मुख्यतः तारेला बांधून वर्तुळात उडवीत. एंजिनात संपीडक (हवा दाबणारा भाग) नव्हता आणि टर्बाइनही (तप्त वायूंनी फिरणारे चाक) नव्हते. त्यामुळे ब्रिटनमधील जेराल्ड जॅकमन यांच्या प्रोपेनवर चाललेल्या टर्बाइन-विमानाला (१९८३) पहिलेपणाचा मान देणे अधिक सयुक्तिक ठरते. १९९० च्या आसपास फ्रान्सच्या ‘जेपीएक्स’ कंपनीचे तयार एंजिन बाजारात आले. मात्र घरच्या लेथवर एंजिन बनवता येते, हे दाखवले जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी. त्यांच्या संपीडकाचे चाक चक्क प्लायवुडचे होते. केंद्रोत्सारी ताणाने ते फुटू नये म्हणून त्यावर कार्बन तंतूंचे वेष्टन असे. पुढे मोटारींच्या टर्बोचार्जरचे ॲल्युमिनियम चाक वापरात आले. ‘केजे-६६’ या गाजलेल्या आराखड्यातील ६६ हा आकडा अशा चाकाचा मिलिमीटरमधील व्यास आहे. ही एंजिने मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. इंधन केरोसीन, त्यातच मिसळलेले सुमारे ५ टक्के टर्बाइन तेल बेअरिंगांना वंगण पुरवते.

सांगाडा बाल्सा (एक अतिशय हलके लाकूड), प्लायवुड वा काचतंतूंचा असतो. मुख्य टाकी गुरुत्वमध्याजवळ बसवतात, नाहीतर इंधन संपत जाईल तसा विमानाचा तोल बदलतो. एंजिनाआधी एक छोटी टाकी हवेचे बुडबुडे अडवते. बुडबुडा आत शिरल्यास ज्योत विझते.

नाकावर पंखा (प्रॉपेलर) असलेल्या विमानात शेपटीवर सतत वारा येतो, येथे तो नसतो. म्हणून धावपट्टीवर पुरेसा वेग येईपर्यंत उच्चालक (विमानाचे नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) निष्प्रभ राहतो. थ्रॉटल वाढवल्यावर एंजिनाला वेग घ्यायला काही क्षण लागतात. उतरताना नवख्यांची फसगत बहुधा इथेच होते.

१४ सप्टेंबर २०१७ रोजी जर्मनीत नील्स हर्ब्रिख यांच्या विमानाने ताशी ७४९ किमी. वेग गाठला. भारतात ड्रोन नियम, २०२१ नुसार मनोरंजन वा शिक्षणासाठीचे, नजरेच्या टप्प्यात उडवलेले, २५ किग्रॅ.पर्यंतचे विमान ‘मॉडेल’ गणले जाते. एनसीसीच्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृती बनवणे शिकवतात.