हवामान-अंदाज आणि घरगुती वीजबचत (नागपूर)

हवामानाचा अंदाज पाहून घरातील कूलर, एसी, पंखा, गीझर यांचा वापर ठरवण्याची व त्यायोगे वीजबिल आटोक्यात ठेवण्याची पद्धत. नागपुरात हा विषय प्रामुख्याने कूलरचा आहे. मे महिन्यात येथील सरासरी कमाल तापमान ४२° से.च्या पुढे असते. २३ मे २०१३ रोजी कमाल तापमान ४७.९° से. नोंदले गेले.

पूर्वपीठिका : ओल्या ताटीतून (वाळ्याच्या वा गवताच्या पडद्यातून) हवा गार करण्याच्या युक्तीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही लेखक तो प्राचीन इजिप्तमधील ओल्या रांजणांपर्यंत नेतात. अकबराच्या दरबारात लिहिलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात पाणी शिंपडून गार ठेवलेल्या वाळ्याच्या दालनांचे श्रेय अकबराला दिले आहे. मात्र दरबारी ग्रंथातील असे श्रेय जपूनच घ्यावे. प्रघात आधीचाच असून त्या काळात तो श्रीमंतांच्या घरी रुळला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिश अमदानीत, साधारण १८३० नंतर, वाळ्यातून हवा आत ढकलणारे हाताने फिरवायच्या पंख्याचे ‘थर्मँटिडोट’ हे यंत्र आले. विजेवरचा डेझर्ट कूलर बहुतेकांच्या मते १९३० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोनाच्या परिसरात आकाराला आला. नागपूरचा पत्र्याचा कूलर त्याच घडणीचा. ताटीला वाळा लावला की जुनी परंपराही त्यात उतरते.

तत्त्व : कूलर हवेला ओल्या तापमापकाच्या (ज्याच्या फुग्यावर ओले कापड गुंडाळलेले असते) तापमानाखाली नेऊ शकत नाही. चांगली ताटी कोरड्या व ओल्या तापमापकांतील फरकाच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतके तापमान उतरवते. ४४° से. व १५ टक्के आर्द्रता असताना ओला तापमापक सुमारे २३° दाखवतो, म्हणून कूलरची हवा २८°च्या आसपास येते. जूनमध्ये ३६° व ५५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच ताटी जेमतेम ३०° देते, शिवाय खोली दमट होते. त्यामुळे अंदाजात कमाल तापमानाआधी आर्द्रता पाहावी. बातम्यांचा भर नेमका उलटा असतो. ३० मे २०२४ रोजी येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६° दाखवले, त्याची देशभर चर्चा झाली. पुढे तो संवेदकाचा बिघाड असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले.

वापर : प्रादेशिक हवामान केंद्राचा पुढील काही दिवसांचा अंदाज रोज मिळतो. कोरडी लाट येणार असल्यास आधीच ताट्या बदलून, टाकी धुऊन ठेवतात. कूलर खिडकीत, बाहेरची हवा घेईल असा बसवतात व समोरचे दार किंचित उघडे ठेवतात. अवकाळीचे ढग येणार असतील तर पंपाचे बटण बंद करून नुसता पंखा चालवावा. एसी नवतपानंतरच्या (मेअखेरच्या नऊ अतितप्त दिवसांनंतरच्या), पाऊस लागेपर्यंतच्या दमट दिवसांसाठी राखावा. कूलर सुमारे पाच तासांत एक युनिट घेतो. दीड टनी एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासालाच दीड युनिट.

महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० व ५०० युनिटांवर बदलतात आणि चढा दर फक्त टप्प्यापुढील युनिटांना लागतो. साहजिकच वाचलेले युनिट सर्वांत महागडे असते.

हिवाळ्यात अंदाजाचा उपयोग मुख्यतः गीझरपुरता. छतावरील सौर पॅनेल असणाऱ्यांना नेट मीटरमुळे (जास्तीची सौर वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करणाऱ्या मीटरमुळे) ढगांच्या रोजच्या अंदाजाची फारशी गरज पडत नाही.