जंतुनाशक स्नानद्रव्यांमुळे होणारा त्वचादाह

आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव टाकल्याने किंवा तसला साबण रोज वापरल्याने त्वचेला खाज, आग व लाली येते, पापुद्रे सुटतात. वैद्यकात हा स्पर्शजन्य त्वचादाहाचा प्रकार मानला जातो. घरोघरी मात्र याला सरसकट ‘ॲलर्जी’ म्हणतात. बहुतेक वेळा ती नसते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा व त्यांना सांधणाऱ्या स्निग्ध द्रव्यांचा असतो. त्वचेचा सामू (पीएच) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. साबणाचा साधारण ९ ते १०. डेटॉलमधील क्लोरोझायलेनॉल (४.८ टक्के) किंवा इतर द्रवांतील सेट्रिमाइड जंतूंची आवरणे फोडते, पण जंतू कोण आणि घरचे कोण, हे त्याला फारसे कळत नाही. स्निग्धता धुऊन गेली की त्वचेतील ओलावा उडतो, बारीक भेगा पडतात आणि पुढची आंघोळ अधिक झोंबते. काखा, जांघा आणि तान्ह्या मुलांची त्वचा आधी सोलवटते. द्रव पाण्यात न मिसळता थेट चोळल्यास भाजल्यासारखी जखमही होते.

बडोद्यात या सवयीला दोन ऋतू खतपाणी घालतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, अंगभर घामोळ्या उठतात (गुजराती शेजारी त्यांना अळाई म्हणतात) आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांतही बादलीत ‘एक झाकण’ पडते. पावसाळ्यात विश्वामित्री नदीच्या पुराची धास्ती. २०१९ आणि २०२४ मध्ये पुराचे पाणी वस्त्यांत शिरले होते. त्या गढूळ पाण्यातून आलेल्या माणसाला जंतुनाशकाचा वास धीर देतो, हे खरेच. तरी धडधाकट त्वचेला साबण आणि स्वच्छ पाणी पुरते. खरचटलेल्या जागेची काळजी निराळी घ्यावी. घोटाळा पुढे होतो. खाज सुटली की ‘इन्फेक्शन’ समजून एकाची दोन झाकणे होतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून बाद केले. साध्या साबण-पाण्याहून ते सरस असल्याचा पुरेसा पुरावा उत्पादकांनी दिला नव्हता. क्लोरोझायलेनॉलवरचा निर्णय तेव्हा पुढे ढकलला गेला.

क्षोभक दाह, म्हणजे ॲलर्जीविना द्रवाच्या थेट माऱ्याने होणारा, लवकर, जिथे द्रव लागला तिथेच होतो आणि खाजेपेक्षा आग जास्त असते. खरी ॲलर्जी उशिरा, बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, पसरते, खाजवून झोप उडवते. एकदा जडली की थेंबही पुरतो.

उपचाराची सुरुवात बाटली फडताळात ठेवण्यापासून होते. कोमट साधे पाणी, सौम्य साबण, अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मलम किंवा पेट्रोलियम जेली. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड व बुरशीनाशक यांची मिश्र ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नये; नायटा असल्यास ती तो वरवर दडपते आणि चिवट करते. लिंबू किंवा हळदीचा लेप सोललेल्या त्वचेवर नकोच.

ॲलर्जीची शंका राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञ पट्टी-चाचणी करतात. संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून काढतात आणि पुन्हा ७२ ते ९६ तासांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही नको, म्हणून शक्य असल्यास ती थंडीत करवून घेणे सोयीचे.